मिटलेली अळंबी

जन्मभर मासळी कापून विकणाऱ्या कुमुदने पन्नाशीत मासे पाळायला घेतले, तेव्हा रोडपालीच्या बायकांची हसून मुरकुंडी वळली. कुमुदने कुणाला भीक घातली नाही. गुडघ्यांनी पाटी सोडायला लावली होती आणि बाईला खाऱ्या पाण्याशिवाय करमत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तिने हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याची टाकी उभी केली आणि तिच्यात अंगठ्याएवढं कोरल, जिवंत प्रवाळ, लावलं. चार वर्षांत ते ताटलीएवढं झालं. जाड देठ, वर पसरट छत्री, छत्रीवर शेकडो बारीक फुलं. कुमुद त्याला अळंबी म्हणायची.

ती अळंबी आज नऊ दिवस मिटून होती. कुमुदची लेक भाविका टाकीसमोर उकिडवी बसली होती आणि तिला रडूही येत नव्हतं.

"फुलली का गो अळंबी?" आतल्या खोलीतून रोजचा प्रश्न आला.

"फुलली, आये."

कुमुद दीड महिना अंथरुणाला खिळलेली. डोळे पिवळे, नखं पिवळी. कावीळ आहे, पडून राहा, उतरेल, असं घरात सगळे तिला सांगत होते. सगळे म्हणजे दोघंच, भाविका आणि तिचा बाप जीवन. कावीळ नव्हती ती. पित्ताच्या नळीत गाठ होती, कॅन्सरची. डॉक्टरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, अजून काढता येईल, पण ऑपरेशन मोठं आहे, बाईंशी बोला आणि आठवड्याच्या आत कळवा. जिन्यात जीवनने लेकीचा हात धरला. "तिला सांगायचं नाय. नाव कानावर पडलं तरी हाय खाईल ती." भाविकाने मान डोलावली. तिला हायसंच वाटलं होतं, हे तिचं तिलाच ठाऊक.

मग बाप बंदरावर ड्युटीला जात राहिला आणि दोघंही उद्या बोलू, उद्या बोलू करत राहिले. माणूस घाबरला की वाट बघण्यालाच काळजी घेणं म्हणायला लागतो.

अळंबीचंही तसंच. छत्री सुकल्यासारखी आक्रसली, वर मेणचट साय धरली. भाविकाने पाणी तपासलं, खारटपणा ठीक, बाकी सगळं ठीक. कोरल विकणाऱ्या दुकानदाराला फोटो पाठवला. तो म्हणाला, कात टाकतंय, टाकतात ही कोरलं, थांबा. ती थांबली. थांबताना आपल्या परीने सेवाही केली. टाकीत लाटा उठवणारा पंप तिने बंद केला, आजारी जिवाला धक्के कशाला? दिवा मंद केला. काचेवर टॉवेल टाकला. शेजारच्या पोराला काचेपाशी फिरकू दिलं नाही. आणि देठाशी काळा, बुळबुळीत डाग पसरतच गेला. अळंबी गेली तर आयही जाणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. वेडेपणा आहे हे कळत होतं, पण मन ऐकतंय कुणाचं!

दुपारी टाकीला वास यायला लागला. भाविकाने घाईघाईने चार उदबत्त्या लावल्या.

"भरदुपारी उदबत्ती कशाला गो?" आतून आवाज आला. मग, "कायतरी कुजलंय."

"नाय आये, कचऱ्याचा डबा..."

"तीस वर्षं मावरं इकलं मी. मला उदबत्तीनं फसवतेस?"

भिंतीला धरत, थांबत थांबत कुमुद हॉलमध्ये आली. दीड महिन्यात पहिल्यांदा आपल्या पायांनी. तिने टॉवेल ओढून काढला आणि बघत राहिली.

"पंप कुणी बंद केला?"

"मीच. म्हटलं, आराम पडेल."

"आराम!" कुमुद स्टुलावर टेकली, तिला धाप लागली होती. "कात टाकताना तिच्या अंगावर पाणी आपटायला लागतं, तवा साय निघून जाते. तू निजवून ठेवलीस. साय अंगावरच कुजली, आता मांस खाते." तिने श्वास घेतला. "टबात टाकीचंच पाणी काढ. नवं ब्लेड आण. हातमोजे घाल, कापताना विष सोडते ती."

दगडासकट अळंबी टबात आली. कुमुदने ब्लेडसाठी हात पुढे केला, पण ते बोटांत पकडवेना. तिने हात मागे घेतला.

"तूच काप."

"मला नाय जमणार, आये. मरेल ती!"

"तशीबी मरतेच हाय. काळ्याच्या कडंकडंनं नको. चांगल्या अंगातनं घे. जरा जरी सडकं राहिलं, तर उद्या परत बसशील कापत."

भाविकाने कापलं. ओठ चावत, डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून खांद्याला गाल घासत. घाण वास घरभर झाला. काळं सगळं निघालं, आतलं पांढुरकं, घट्ट मांस दिसायला लागलं. निम्मीही उरली नव्हती. आयोडीनच्या पाण्यात बुडवून तिने ती परत टाकीत ठेवली आणि पंप सुरू केला. पाण्याचा लोट येऊन आदळला, उरलेली छत्री गदगदा हलली, सायीचे तुकडे सुटून वाहू लागले.

"जगेल?"

"काय सांगावं."

कुमुद टाकीकडे नाही, लेकीकडे बघत होती.

"आता माझं सांग."

"काय तुझं? कावीळ..."

"नऊ दिवस 'फुलली, फुलली' सांगत व्हतीस. त्याच तोंडानं कावीळ सांगू नको."

भाविका दाराकडे बघत राहिली. बाप यायला अजून तीन तास होते. मग तिने सांगितलं, गाठ म्हणून, मग कॅन्सर म्हणून, हुंदके देत, मधेच थांबत, हातमोजे तसेच हातात. कुमुदने पदर तोंडाशी धरला. ओरडली नाही.

"काढता येईल म्हणाला डॉक्टर?"

"हो. आठवड्यात कळवा म्हणाले."

"कवा म्हणाला?"

"बारा दिवस झाले, आये."

कुमुदचे पिवळे डोळे भरून आले. ते पुसायच्या आधी तिने फोन मागितला. भाविकाने डॉक्टरांचा नंबर लावला, फोन कानाशी धरला. रिंग वाजत होती.

"दे इकडं," कुमुद म्हणाली. "माझं मी बोलते."