देवीनं अडवलेली फटफटी

"निघाली! निघाली!" बाजारात एकच गलका उठला. मोहाच्या टोपल्या, कोंबडे, तंबाखूच्या जुड्या जागच्या जागी टाकून माणसं धुनीकडे धावली. घाटाच्या पायथ्याशी बंद पडलेली सरकारी फटफटी पुन्हा धडधडू लागली होती, आणि धुनीपुढे बसणारा साधू, भभूतबाबा, हात वर करून डोळे मिटून उभा होता.

चमत्कार साधा नव्हता. बाबानं फटफटीचा प्लग मागितला होता. चिमट्यात धरून तो निखाऱ्यांत लाल होईतो ठेवला, वर राख टाकली आणि गर्जना केली, "अग्नि पकड, लोहा जकड, माई का हुकुम, फट् फट् फट्!" प्लग गार झाल्यावर परत बसवला, आणि पहिल्याच किकला गाडी सुरू! म्हाताऱ्यांनी जमिनीला डोकं टेकलं. फटफटी चालवणारा आरोग्यसेवक गुलाब, त्यानंही हात जोडले.

हात जोडले नव्हते ते फक्त सिस्टर सत्यशीलाबाईंनी. वडशाकडच्या या तरुण नर्सबाईचं अर्धं लक्ष मांडीवरच्या बर्फाच्या डब्यात होतं. डब्यात गोवराची लस होती. घाटावरच्या पाड्यात गोवर शिरला होता, मागच्याच आठवड्यात दोन लेकरं गेली होती. आणि बर्फ वितळत होता.

"माई प्रसन्न झाली," बाबा म्हणाला, "पण ऐका! या डब्यात सुया आहेत. सुई लोखंडाची. माईला लोखंड चालत नाही. सुया घेऊन वर गेलात तर गाडी पुन्हा अडेल!"

गाडी घाट चढू लागली आणि अर्ध्या चढावर फट्‌, फुस्स करून गप्प झाली.

खालून लोक पाहतच होते. बाजारात लस टोचून घ्यायला बसलेल्या धुरपतानं आपली पोरगी पदराखाली घेतली आणि घरची वाट धरली. तिच्यामागोमाग बाकीच्या आयाही उठल्या.

"गुलाबभाऊ, गाडी मागच्या महिन्यापर्यंत चांगली होती ना?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"होती तं," गुलाब म्हणाला. "पण बाई, आता माई नाईच म्हणून राह्यली, तं आपण काऊन जायाचं?"

त्या दिवशीची सगळी लस वाया गेली. परतीच्या वाटेवर नाला ओलांडताना, गाडी रेतीत ढकलताना सत्यशीलाबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट भुणभुणत होती. बाबानं प्लग काढायला पाना मागितला नव्हता. तो त्याच्या हरणाच्या कातड्याखाली तयारच होता! माईच्या साधूला प्लगपाना कशाला?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सिरिंजा उकळायला त्यांनी पंपाचा स्टोव्ह पेटवला. पंप नीट मारला नव्हता, म्हणून ज्योत पिवळी होती, पातेल्याच्या बुडाला काजळी धरली. पंप मारला, ज्योत निळी झाली. जरा वेळानं पातेल्याच्या बुडावरची काजळी काही जागी जळून गेली. निखाऱ्यांत लाल केलेल्या प्लगचंही असंच झालं असेल, बाईंना वाटलं. मग त्यांनी गुलाबला हाक मारली.

"प्लग काढा. आत्ताच."

प्लगचं टोक काळंकुट्ट होतं.

दोघं गावातल्या लच्छू मिस्त्रीकडे गेले. प्लग बघून तो हसला. "हा कुठी घेतला?"

"मागच्या महिन्यात, फेरीवाल्याकडून," गुलाब म्हणाला. "आटे जुळले, म्हणून घेतला."

"आटे जुळले म्हणजे प्लग जुळला असं नाई, भाऊ. हा थंडा प्लग. डांबरी सडकेवर सुसाट पळणाऱ्या गाडीले. तिथी आत आग लई असते, म्हणून हा लवकर गार होतो. तुमची गाडी नाल्यानं, रेतीनं रांगत जाते. हा तापतच नाई, तेलाची काजळी याच्यावर बसते. मग ठिणगी काजळीवरून पळून जाते, अन् गाडी मरते."

"म्हणजे आपल्याले सगळ्यात गरम प्लग पायजे?" बाईंनी विचारलं.

"नाई बाई! लई गरम असला तं पिस्टनले भोक पडते. अन् आटे लांब असले तं पिस्टन त्याच्यावर आपटते. ज्या गाडीले जो सांगितला, तोच." त्यानं खोका उघडून दुसरा प्लग पुढे ठेवला. दोन्ही शेजारी धरले तेव्हा फरक उघड्या डोळ्यांना दिसला. नव्या प्लगच्या आतली पांढरी चिनी मातीची नळी लांब होती, जुन्याची आखूड. लांब नळी उष्णता धरून ठेवते, आपली काजळी आपणच जाळते.

पुढच्या बाजाराला गाडी न अडता धुनीपाशी पोचली. बाई स्वतःच उतरल्या.

"आज माई झोपली आहे," बाबा घाईनं म्हणाला.

"मग तिले उठवू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी स्टोव्ह पेटवला, खिशातून जुना काळा प्लग काढला आणि चिमट्यानं निळ्या ज्योतीत धरला. मंत्र नाही, राख नाही. लोक माना उंचावून बघत होते. काजळी जळून टोक स्वच्छ झालं. तो गार झाल्यावर गुलाबनं गाडीतला नवा प्लग काढून त्या जागी हा जुना बसवला. एक किक, गाडी सुरू.

"पण हे टिकत नाई," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "काजळी परत बसते, गाडी परत अडते. काजळी माईची नाई, चुकीच्या प्लगची हाय. बाबानं काजळी जाळली, अन् गाडी अडली ते माईच्या नावावर घातलं."

बाबा ओरडला, "लोखंड! माईला लोखंड चालत नाही!"

गर्दीतून पाड्याचा म्हातारा इसरू पुढे आला. "बाबा, आमचा डोंगरच लोखंडाचा हाय. आमचा बाप तिथीच जगला. आमच्या देवाले लोखंड खपते, तं तुझ्या माईले काऊन नाई?"

बाजार हसला. बाबाच्या चेहऱ्यावरची भभूत घामानं ओघळली.

गुलाबनं जुना काढून मिस्त्रीचा नवा प्लग परत बसवला. इसरू लसीचा डबा मांडीवर घेऊन मागे बसला, सुया असलेला डबा. फटफटी घाटाला लागली. खालची सगळी माणसं कान देऊन उभी होती. आवाज वळणामागे गेला, थोडा खोल झाला, पण तुटला नाही. मग वरून इसरूची हाळी आली, आणि थोड्या वेळानं गाडी डब्यासकट बाईंना वर न्यायला खाली परत आली. तोवर बाबाची धुनी होती, बाबा नव्हता. कातडं गुंडाळून तो राजुऱ्याच्या ट्रकवर चढला होता.

धुरपता पोरीला घेऊन पुढे आली. सुई दंडात शिरताच पोरगी किंचाळली.

"बाई, मले एक सांगा," धुरपतानं विचारलं. "उद्या गाडी पुन्हा बंद पडली तं?"

"पडू शकते," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पेट्रोल संपेल, तार तुटेल. तुझ्या लेकराले ताप पण येऊ शकते, सुईचा ताप, थोडे दिवस राहतो, जातो. असं काई झालं तं देवावर टाकून बसू नोको. आधी उघडून पाय, मग विचार, मग पटलं तरच मान. माझं पण."

धुरपतानं पोरीचा दंड चोळला आणि मागच्या बाईला हात केला, "ये वं, तू ये आता."