वीस मिलिसेकंदांचा थांबा

उज्वला गायधनी बाई तशा स्वभावाने गोड, पण कुणी त्यांच्या कोडला हात लावला की नाकाला मिरच्या झोंबायच्या. नाशिकरोडच्या घरात बसून चौदा वर्षांपूर्वी त्यांनी लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. काम वाढलं की एका स्वस्तातल्या प्रोसेसरचा वेग वाढवायचा, काम नसलं की उतरवायचा, एवढंच त्याचं काम. तेव्हापासून त्यात कुणी बदल सुचवला की तो तपासून होकार द्यायचा मान त्यांचाच.

यंदा चांदवडला एका कॉलेजात शिकवणाऱ्या रोहिणी जाधवने अख्खा ड्रायव्हर नव्या पद्धतीने लिहून पाठवला. चारशे ओळींच्या जागी नव्वद! उज्वलाताई चुका काढायच्याच इराद्याने बसल्या आणि दोन दिवसांनी त्यांना मुकाट्याने मान डोलवावी लागली. रोहिणीने जुनं सगळं काढलं होतं. ताईंची एकच ओळ आदराने ठेवली होती: वेग बदलला की वीस मिलिसेकंद थांबा. तिच्यावर ताईंचीच टीप होती, 'काढू नका, नाहीतर चिप अडकते.' इतक्या वर्षांत ती काढायची जगात कुणाची छाती झाली नव्हती. एक ओळ तरी राहिली आपली, म्हणून ताईंना फार बरं वाटलं.

रविवारी सकाळी शेवटची चाचणी घ्यायला त्यांनी माळ्यावरून तो प्रोसेसर, म्हणजे ती चिप, बसवलेला जुना बोर्ड उतरवला. त्याचा चार्जर काही सापडेना. तेव्हा त्यांचे यजमान सोमनाथराव, जे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहेत, त्यांनी आपल्या टेबलावरचा पॉवर सप्लाय जोडून दिला. थांबा काढला की चिप कशी अडकते याचा पुरावा ताईंना रोहिणीला पाठवायचा होता. पण थांबा काढला तरी चिप अडकेचना. नाश्ता झाला, धुणं वाळत घालून झालं, चिप आपली मजेत चालतेच आहे. मग एका पिशवीत चार्जर सापडला. तो लावला आणि पाच मिनिटांत बोर्ड ठप्प.

सोमनाथरावांनी मीटर लावून पाहिला. "वेग वाढला की तुझा चार्जर मान टाकतोय. थांबा असला की त्याला सावरायला वेळ मिळतो, एवढंच. चिपचा काय दोष त्यात?"

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं जगभरातली यंत्रं उगाच थांबत होती, ती नाशिकरोडच्या एका भिकार चार्जरपायी! गप्प बसलं असतं तर कुणालाच कळलं नसतं, आणि ताईंची ओळही राहिली असती. त्यांना तसं वाटलंसुद्धा, नाही कशाला म्हणा. पण त्यांनी फोन लावला.

"रोहिणी, ती थांब्याची ओळ उडव. लागत नाही ती."

"मी नाही काढणार, ताई. एक बदल, एक पॅच, असा आपला नियमच हे ना? मग तो तुमच्या नावाने येऊ द्या. मी तपासते."

म्हणजे आता हिच्याकडून तपासून घ्यायचं! ताईंनी जेवणाआधी ती ओळ काढणारा पॅच पाठवला. कारणात लिहिलं, 'थांब्याची गरज नाही.' तासाभरात कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर, सगळ्यांसमोर, रोहिणीचं उत्तर आलं: 'कारण अपुरं आहे. गरज नव्हती, तर घातला का होता? पुढच्या माणसाला ते कळायला हवं.'

ताईंचं डोकं फिरलं. दोनदा खुर्चीतून उठल्या, दोनदा बसल्या, आणि मग एकट्याच हसायला लागल्या, कारण रोहिणीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्यांनी लिहिलं: 'चौदा वर्षांपूर्वी माझ्या घरचा चार्जर खराब होता आणि मी दोष चिपला दिला. चूक माझी.' आणि पाठवून टाकलं.

चहाच्या वेळेला रोहिणीचा होकार आला. ताईंनी फाइल उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. त्यात त्यांची एकही ओळ उरली नव्हती. ड्रायव्हर मात्र चौदा वर्षांपूर्वी त्यांना लिहायचा होता, अगदी तसा झाला होता.