संशयाचा फायदा

वकीलबाईंनी काळा कोट काढून हातावर टाकला, कोर्टाच्या जिन्यातच अर्धी बाटली पाणी घटाघटा प्यायल्या आणि मग शिट्टीकाकांकडे बघितलं.

"चेहरा का पाडलाय? सुटलात तुम्ही."

"निर्दोष सुटलो ना?"

बाईंनी बाटलीचं झाकण जरा जास्तच घट्ट फिरवलं. "संशयाचा फायदा मिळाला."

काकांची बायको शेजारीच उभी होती. निकाल ऐकून तिच्या जिवात जीव आला होता. "सुटले, एवढं पुरे झालं," ती म्हणाली. "आता शब्दांचा कीस कशाला काढायचा?"

पण काकांना तो काढायचाच होता. खटला चालला तितकी वर्षं त्यांनी एका शब्दाची वाट बघितली होती, आणि तो शब्द न्यायाधीशांच्या तोंडून आला नव्हता.

"दोन्हीत फरक काय, बाई?"

"तुरुंगापुरता म्हणाल तर काहीच नाही."

"आणि एरवी?"

वकीलबाईंनी सुस्कारा सोडला. "निर्दोष म्हणजे तुमच्या हातून चूक झाली नाही, हे कोर्टाला पटलं. संशयाचा फायदा म्हणजे चूक झाली, हे सरकारी वकिलाला सिद्ध करता आलं नाही. नक्की काय झालं ते कळत नाही, मग शिक्षा कशी देणार, असं कोर्ट म्हणतं."

"म्हणजे त्यांना ठाऊक नाही."

"नाही. तुम्हाला तर ठाऊक आहे ना?"

काकांनी खिसे चाचपले. खिशात काही नव्हतं, तरी दोनदा चाचपले.

"याच्यावर अपील करता येईल का?"

"सुटलेला माणूस अपील कसलं करणार, काका? घरी जा. नातवाला खेळवा."

बाई सहज बोलून गेल्या, पण काकांचं सगळं घोडं तिथंच अडलं होतं. लेक याच शहरात राहायची, आठवड्याला यायची, नातवालाही आणायची. त्याला एकट्या आजोबांपाशी मात्र तिनं कधी सोडलं नव्हतं. ती वाकडं कधी बोलली नाही. भाजी आणायला निघाली तरी पोराला कडेवर घ्यायची, एवढंच. कोर्टानं एकदा निर्दोष म्हटलं की आपणच तिला सांगायचं, ठेव त्याला इथं दोन दिवस, असं काकांनी मनाशी पक्कं केलं होतं.

शिट्टीकाका हे नाव पोहण्याच्या तलावावरच्या पोरांनी ठेवलेलं. काका तिथं पोहायला शिकवायचे आणि राखणही करायचे. तलावाची रीत त्यांनीच घालून दिली होती. प्रत्येक पोराच्या टोपीवर आकडा, भिंतीवर त्याच आकड्याची खुंटी. पोर पाण्याबाहेर आलं की टोपी खुंटीला. सगळ्या टोप्या जागेवर दिसल्या की काका काठानं एक फेरी मारायचे, तळ बघायचे, शेवटची शिट्टी फुंकायचे आणि फाटकाला कुलूप लावायचे.

त्या दिवशी सगळ्या टोप्या जागेवर होत्या. एका मुलाची टोपी निसटून पाण्यावर तरंगत होती, ती दुसऱ्या एका शहाण्या मुलानं उचलून बरोबर त्या आकड्याच्या खुंटीला टांगली. टोपीचा धनी तळाशी होता.

खटला सगळा एका प्रश्नावर चालला. काकांनी फेरी मारली होती की नुसत्या टोप्या बघून कुलूप लावलं? झाडूवाली म्हणाली, मारली असणार, रोजच मारायचे. तिकीटवाला म्हणाला, त्या दिवशी कुलूप लवकर लागल्यासारखं वाटलं. ते मूल तेव्हा तळाशी दिसलंच असतं का, यावर डॉक्टरांचंही एकमत होईना. काकांची बायको तर पिंजऱ्यात उभी राहून ठणकावून बोलली होती, "हा माणूस घरातला गॅस दोनदा बघितल्याशिवाय झोपत नाही. पाणी न बघता निघेल का?"

काकांनीही फेरी मारली असंच सांगितलं होतं. पण डोळे मिटले की त्यांना दिसायच्या त्या हजार फेऱ्या, ओला काठ, निळ्या फरश्या, सगळ्या एकसारख्या. त्यातली त्या दिवशीची कोणती, ते त्यांना काही केल्या सापडत नव्हतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

घराच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाल्यानं हाक मारली. "काय काका, निर्दोष ना? आम्हाला माहीतच होतं."

"संशयाचा फायदा."

"तेच ते."

"तेच ते नाही," काका म्हणाले आणि चालू लागले. बायकोनं कपाळाला हात लावला.

संध्याकाळी लेक आली. बापाच्या गळ्यात पडून पोटभर रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा, याला ठेवून जाऊ? मला एक काम आहे, तासाभरात येते."

काकांना काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी नातवाला खांद्यावर घेतलं, अंगणात मातीत लोळू दिलं, त्याच्याबरोबर स्वतःही लोळले. पोर डोक्यापासून पायापर्यंत बरबटलं, तेव्हा त्यांनी न्हाणीघरात मोठा टब भरला आणि त्याला आत बसवलं. किती वर्षांनी हाताला असं पाणी लागलं होतं.

"आजोबा, मी डोकं बुडवू?"

"बुडव की. नाक धर आधी."

मागं चाहूल लागली. बायको दारात टॉवेल घेऊन उभी होती.

"तू जा," काका म्हणाले. "गॅसवर काहीतरी ठेवलंयस ना?"

"बंद केलाय."

"मी आहे ना इथं."

"आहात की," ती म्हणाली, पण जागची हलली नाही. तिची नजर काकांकडे नव्हती, पाण्याकडे होती. साक्षीच्या वेळी न अडखळलेली ती बाई टॉवेलाची तीच घडी उलगडत होती आणि पुन्हा घालत होती.

काकांना फार वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी, कुणीतरी दुसरंही बघतंय म्हणून, बरंही वाटलं. 

नातवानं नाक धरलं.

काकांनी आपल्या बुडाखालचं स्टूल काढून दाराकडे सरकवलं आणि स्वतः ओल्या फरशीवर बसले.

"उभी किती वेळ राहशील," ते म्हणाले. "बस."

ती बसली.