हलू नका

निकिताच्या उजव्या कानात सतत किणकिण असायची. एमआरआयच्या खोलीत काम करणाऱ्याला त्याचं नवल नसतं. मशीन दिवसभर लोहारासारखी ठोकत असते, मग कान थोडाफार वाजणारच. फोन मात्र ती हल्ली डाव्या कानालाच लावायची.

यवतमाळच्या त्या स्कॅन सेंटरात दोघं टेक्निशियन होते, ती आणि बोरी अरब गावचा राजदीप. पेशंटला आत सरकवायचं, काचेमागून "हलू नका" म्हणायचं, चित्र नागपूरच्या डॉक्टरकडे पाठवायचं. जन्मभर हेच करत राहायचं निकिताच्या मनात नव्हतं. अशात मशीनच्या कंपनीनं ॲप्लिकेशन स्पेशालिस्टची जागा काढली. मोठमोठ्या इस्पितळांत जाऊन तिथल्या टेक्निशियनांना मशीन शिकवायची, बंगळूरला राहायचं, विमानानं फिरायचं. जागा एकच, उमेदवार हे दोघं. निकितानं उमरखेडला घरी ती मिळाल्यासारखं सांगूनही टाकलं होतं.

परीक्षा घ्यायला पुण्याहून कंपनीच्या अर्पिता मॅडम आल्या. परीक्षेपायी पेशंटला छळायचं नाही, उमेदवारांनी एकमेकांचं डोकं स्कॅन करायचं, असा त्यांचा रिवाज. ज्यानं काढलेलं चित्र स्वच्छ, त्याची जागा.

आधी निकिता झोपली. राजदीपनं तिच्या मानेखाली मऊ घडी सरकवली, कानात बोळे घातले. "घाबरू नको, लवकर काढतो बाहेर," म्हणाला. भला माणूस. भलेपणाचा भाव बाजारात केव्हाच पडला, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मशीन ठोकू लागली तशी निकितानं हनुवटी तीळभर हलवली. थांबली, पुन्हा हलवली. चित्राचं वाटोळं कशानं होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ती बाहेर आली तेव्हा राजदीप पडद्याला नाक लावून बसला होता. सगळं चित्र फिसकटलेलं.

"मॅडम, उजव्या कानामांगं काहीतरी पांढरं दिसून राह्यलं. नीट समजत नाही. एक डाव अजून घेऊ द्या."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मॅडम म्हणाल्या.

"माह्यासाठी नाही म्हणत, मॅडम. निकिता, झोप ना जराशी."

"कायले? तुले जागा भेटली पाहिजे म्हणून? मी त दगडावानी पडून होती. तुलेच नाही जमलं." ती हसली. मॅडमही हसल्या.

मग राजदीप झोपला. निकितासाठी तो मुडद्यासारखा निश्चल पडून राहिला आणि चित्र आरशासारखं आलं.

निकिता बंगळूरला गेली. जाताना पेढ्यांसोबत तिनं सेंटरात राजदीपचं नवं नाव वाटलं, 'हलता फोटोग्राफर'. ते चिकटलं आणि मालकानं त्याला मागच्या एक्स-रेच्या खोलीत ढकललं. तरी त्यानं तिला फोन केला.

"एकदा तपासून घे ना वो. मले खरंच दिसलं होतं."

तिनं त्याचा नंबर ब्लॉक केला.

चौथ्या वर्षी एका मोठ्या इस्पितळात कंपनीची नवी मशीन आली. शिकाऊ पोरांना दाखवायला निकिता स्वतःच झोपली. यावेळी पापणीही हलवली नाही. बाहेर आली तर सगळी पोरं पडद्यापुढे गोळा झालेली. कोणी तिच्याकडे बघेना.

"कानाच्या नसेवर गाठ आहे," तिथले डॉक्टर म्हणाले. "कॅन्सर नाही. पण लिंबाएवढी झालीय, काढावीच लागेल. उजवा कान गेलाच समजा. चेहऱ्याची नसही बहुधा जाईल, तोंड वाकडं होईल."

चारचौघांपुढे उभं राहून बोलायचं हीच तिची नोकरी.

आधी कधी स्कॅन झालंय का, हे तिला विचारून डॉक्टरांनी यवतमाळहून परीक्षेतलं जुनं चित्र मागवलं. राजदीपनं ते जपून ठेवलं होतं, लगेच पाठवलं. डॉक्टर बघत राहिले.

"आता ठाऊक आहे म्हणून दिसतेय. बोराएवढी होती हो! तेव्हाच नुसत्या किरणांनी थोपवता आली असती, चाकूही लागला नसता. कुणा गाढवानं काढलं हे? पुन्हा घ्यायचं सुचलं नाही त्याला?"

निकितानं बहिरा होत आलेला उजवा कान त्यांच्याकडे केला. त्यांनी मोठ्यानं पुन्हा विचारलं.

खरं सांगितलं तर चेहऱ्याआधी नोकरी जाणार होती.

"नाही सुचलं," ती म्हणाली. "खेड्यातली पोरं, सर. त्यांना काय सुचतं?"

"अशा माणसाला मशीनला हात लावू देता कामा नये. मी लिहितो त्यांना. नाव काय त्याचं?"

तोंड अजून सरळ होतं. निकितानं नाव सांगितलं.