कुंकवाखालचा लाल दिवा

मी डबा बोलतोय. कंपनीनं ठेवलेलं माझं नाव लांबलचक आहे, ते सोडा. रेवसच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विनेशचा फोटो स्टुडिओ आहे, तिथं टेबलाखाली मी बसतो. आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी, बोटींच्या पूजा, सगळ्यांचे फोटो नि व्हिडिओ माझ्या पोटात आहेत. बोलायची मला सवय आहे. ऐकायची सवय इथं कुणालाच नाही.

माझ्यात दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहाल तेच आपोआप दुसरीवरही उतरतं, म्हणजे एक गेली तरी दुसरी सांभाळून घेते. पण एक गेली की लगेच नवी बसवायची असते. तेवढं सांगण्यासाठीच मला तोंड दिलंय. लाल दिवा आहे, बीप आहे, मालकाला मेल पाठवायची सोय आहे. आणखी काय करावं हो एका डब्यानं? उठून मालकाचा खांदा हलवू का?

मला बसवायला अलिबागहून अल्पेश आला होता. माणूस हुशार, पण पाय कायम दाराकडे. कशाकशाचा मेल पाठवायचा याची मोठी यादी असते, त्यातलं कामाचं तेवढं निवडायचं असतं. त्यानं यादी वाचलीच नाही. सगळ्यावर खुणा केल्या आणि विनेशला म्हणाला, सगळंच चालू ठेवलंय दादा, काळजीच नको.

मग काय! कुणी पासवर्ड टाकून माझ्यात शिरलं की मेल, वीज गेली की मेल, वीज आली की मेल. रोज सकाळी 'सर्व ठीक आहे' असाही एक मेल. अहो, सगळं ठीक असताना मला बोलायला लावता कशाला? पण हुकूम म्हणजे हुकूम. पहिला आठवडा विनेशनं चहा पिता पिता सगळे मेल वाचले. दुसऱ्या आठवड्यात तो करवादला. तिसऱ्या आठवड्यात त्यानं फोनमध्ये अशी सोय केली की माझा मेल आला की न वाजता, न दिसता, थेट एका बाजूच्या फोल्डरमध्ये जाऊन पडावा. तेव्हापासून माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतरच्या वैशाखात भागुबाई आल्या. भागुबाई म्हणजे आमच्या गावच्या धवलारीण. कोळ्या-आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. मांडव, हळद, नवरीची पाठवणी, प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि ते कुठं लिहिलेले नाहीत, सगळे तोंडात. त्यांच्या नातीनं, हेमांगीनं, आजीमागून धवलारीण व्हायचं ठरवलं होतं. ती अलिबागला एका लॅबमध्ये नोकरी करते, आजीजवळ बसून शिकायला सवड नाही, म्हणून तिनं विनेशला सगळे धवले रेकॉर्ड करायला सांगितले.

चार दुपारी रेकॉर्डिंग चाललं. भागुबाईंनी पंखा बंद करायला लावला, आणि माझ्या घरघरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्याला पण गप कर." मला राग आला नाही. बाई गाऊ लागली की खरंच गप बसावंसं वाटायचं. चौदा धवले झाले. त्यातला एक गेलेल्या माणसांना मांडवात बोलवायचा. तो म्हटल्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नाही. विनेशनं ते सगळं माझ्यात ठेवलं, रेकॉर्डरमधलं कार्ड पुसलं आणि दुसऱ्या लग्नाला नेलं. आवाज साफ करून पेनड्राइव्हवर देतो, असं हेमांगीला सांगितलं. कधी? तर सवडीनं.

श्रावणात भागुबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. आता चौदा धवले जगात एकाच ठिकाणी उरले होते, माझ्या पोटात. मी मनाशी म्हटलं, डब्या, आता जपून.

आणि नेमकी गणपतीत वीज दहादा गेली-आली, त्यात माझी एक डिस्क कायमची बंद पडली. मी लाल दिवा लावला. मेल पाठवला. बीप सुरू केली. विनेशची आई बायजा जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती दारातच थबकली. ही टिटवी कशाला ओरडतेय भरल्या सणात, बंद कर आधी, म्हणाली. विनेशनं खाली वाकून बटण दाबलं आणि माझा आवाज बंद केला. का ओरडतोय हे विचारलं नाही. वाकलाच होता, दिवा नाकासमोर होता, बघायला काय झालं होतं? पण नाही!

तरी दिवा होता. लाल, ठळक. त्याचाही निकाल दसऱ्याला लागला. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. कॅमेरा, कॉम्प्युटर, प्रिंटर, सगळ्यांना हळदकुंकू. बायजानं मला फडक्यानं पुसलं आणि मनोभावे कुंकवाचा ओला टिळा लावला, तो बरोब्बर दिव्यावर. वर झेंडूचा जाडजूड हार घातला, तो हवा आत घ्यायच्या जाळीवर. नंतर ती विनेशला कौतुकानं म्हणाली, बघ, कुंकू कसं उजळलंय, देवी पावली. देवी कसली पावते! आत मी जळत होतो.

हाराला हात लावायचा नाही, तुळशीचं लग्न झालं की सगळं निर्माल्य एकदम खाडीत सोडायचं, असा तिचा नेम. महिनाभर माझा श्वास कोंडला होता. उरलेली डिस्क तापत होती. मी रोज मेल पाठवत होतो: तापमान जास्त, डिस्क खराब होतेय, ताबडतोब लक्ष द्या. त्याच फोल्डरमध्ये, त्याच 'सर्व ठीक आहे'च्या ढिगात. लांडगा आला रे आला म्हणायला मला यांनीच शिकवलं, आणि खरा लांडगा आला तेव्हा कान यांनीच बंद केलेले.

तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा हेमांगी स्टुडिओत आली. तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू, आणि धवलारीण म्हणून तिला पहिलं लग्न मिळालं होतं. तिनं विनेशला सांगितलं, साफ नको, कच्चंच दे, पण आज दे. विनेशनं फाइल उघडली. भागुबाईंचा आवाज दोन ओळी आला आणि अडकला. पुन्हा लावला, पुन्हा अडकला.

हेमांगीला लॅबमधल्या यंत्रांची सवय. ती सरळ टेबलाखाली वाकली. वाळका हार बाजूला केला, टिळ्यावर बोट फिरवलं. कुंकू निघालं, पण लाल काही जाईना. तिनं विचारलं, "विनेशदादा, हा दिवा कधीपासून लाल हाय?"

याचे मेल एका फोल्डरमध्ये पडतात, असं विनेश म्हणाला. तिनं त्याच्याकडून तो फोल्डर उघडून घेतला. नऊशेच्या वर न वाचलेले मेल. त्यातले एकशे सदतीस धोक्याचे. पहिला गणपतीतला. विनेशनं ते पाहिलं. मग म्हणाला काय, तर डबाच फालतू निघाला. मी फालतू! चोर सोडून संन्याशाला फाशी.

अल्पेश आला. या वेळी घाईत नव्हता. त्यानं मरत्या डिस्कवरून जे निघेल ते काढलं, दोन दिवस लागले. चौदापैकी तेरा धवले आले. गेलेल्यांना बोलवायचा तो आला नाही. हेमांगी आजीपुढं जाऊन बसली, विचारून बघितलं. भागुबाईंनी तोंड उघडलं, नुसता घोगरा आवाज आला, आणि त्या रडल्या. हे हेमांगीनंच स्टुडिओत येऊन विनेशला सांगितलं.

आता माझ्यात दोन नव्या डिस्क आहेत. अल्पेशनं यादी नीट वाचली, फालतू खुणा काढल्या. खरंच काही बिघडलं तरच मी मेल पाठवतो, आणि तो हेमांगीलाही जातो. हे सुरुवातीलाच केलं असतं तर हात झडले असते का कुणाचे?

हेमांगीला गायला मिळालेलं ते पहिलं लग्न विनेशनंच शूट केलं, त्यामुळं तेही आता माझ्याकडे आहे. हेमांगी छान गाते. मांडवाचा धवला झाला, आणि हळदीआधी ती थांबली. बायका वाट बघत होत्या. ती म्हणाली, "इथं आजीचा धवला व्हता. मशीननी खाल्ला. ज्यांची माणसं गेलीत, त्यांनी त्या माणसांची नावं घ्या." मग एकेक बाई नावं घेऊ लागली. ना चाल, ना ओळी. कुणी नवऱ्याचं घेतलं, कुणी बोटीवरून न परतलेल्या मुलाचं. बायजानंही घेतलं. नावं संपेपर्यंत कुणी हळदीला हात लावला नाही.

विनेश परवा 'मशीननी खाल्ला' एवढं वाक्य कापायला निघाला होता. हेमांगी म्हणाली, राहू दे. म्हणून ते राहिलंय, माझ्या दोन्ही डिस्कवर, अगदी शाबूत. हेमांगी, मी नाही गं खाल्ला. एकशे सदतीस वेळा सांगितलं. पण तो माझ्याकडे ठेवायला दिला होता, आणि आज तो माझ्याकडे नाही.