मिठाच्या पोत्याचं पांघरूण

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. एकोणीसशे अडुसष्टच्या दसऱ्याला मी कोल्हापुरातून नेसरीला आले. माझे मालक गणपतराव किराणा दुकानदार. त्यांच्या आई धोंडुबाईंना गुडघ्यांमुळे चालवत नसे. पंचक्रोशीत कुठंही सप्ताह असो, काल्याच्या कीर्तनाला त्या माझ्यावर बसून जात. मंडपाबाहेर टाळ-मृदंग ऐकता ऐकता माझं तापलेलं इंजिन निवत जाई. कुणाला तरी देवाच्या दारी पोचवणं, याहून मोठं पुण्य लोखंडाला कुठलं मिळणार?

हिवाळ्यात आमच्याकडे दव फार. पहाटे माझी टाकी निथळत असे. ते बघून धोंडुबाईंचा जीव कळवळला.

"गणपा, थंडी वाजत आसंल की रं तिला. घाल कायतरी अंगावर."

गणपतरावांनी दुकानातली रिकामी पोती आणून मला गुंडाळली. पोती होती मिठाची. रात्रभर दव पिऊन ती ओली होत आणि खारं पाणी माझ्या सांध्यासांध्यांत झिरपे. येणारेजाणारे म्हणत, गाडीला किती जपतात बघा! आतून मी गंजत होते आणि मला सांगता येत नव्हतं.

पौषात एका काल्याला निघालो. उतारावर उसाची बैलगाडी आडवी आली. गणपतरावांनी ब्रेक दाबला, पण ब्रेकचा गंजलेला दांडा जागचा हललाच नाही. त्यांनी मला कडेच्या उसाच्या पाल्यात घातलं. धोंडुबाई पाल्यावर पडल्या म्हणून कोपर खरचटण्यावर भागलं. काला मात्र चुकला.

आता हिला मोडीतच घालतो, असं गणपतराव म्हणू लागले. तरी आधी गाड्या दुरुस्त करणाऱ्या सिकंदर मिस्त्रींना दाखवलं. मिस्त्रींनी दांड्यावर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि हसले.

"मालक, मिठाला पाणी सुटतंय ह्ये दुकानात कळतंय, दारात कळंना व्हय?"

गणपतरावांनी मान खाली घातली. पांघरूण मीच घालायला लावलं, असं धोंडुबाई हळूच म्हणाल्या. मिस्त्रींनी मला गोड्या पाण्यानं धुतलं, कोरडं पुसलं, रॉकेल लावून गंज घासला, सांध्यांत ग्रीस भरलं, खालून तेलाचा हात दिला. थंडीभर असंच करा, आडोशाला उभी करा, वारं लागू द्या, असं बजावलं.

तरीही आईला माझ्यावर बसवायला गणपतराव धजेनात. माघात शेजारच्या गावी काला होता. ते बैलगाडी बघायला गेले, आणि परत येतात तो धोंडुबाई माझ्यावर बसलेल्या.

"आई, उतर. मला भ्या वाटतंय."

"तिचं काय चुकलं? चुकलो आपून दोघं. ब्रेक दाबून बघ आन् चल."

गणपतरावांनी दोनदा ब्रेक दाबून बघितला. दोन्ही वेळा मी घट्ट धरला.

कीर्तन संपल्यावर धोंडुबाई ओंजळीत काल्याचा प्रसाद घेऊन आल्या आणि पहिला घास माझ्या हँडलला लावू लागल्या. गणपतरावांनी त्यांचा हात धरला.

"आई, दही-मीठ हाय त्यात. तिला नगं, मला दे."

आणि घास तोंडात टाकून त्यांनी कोरड्या फडक्यानं मला पुसलं. मित्रांनो, मुक्या वस्तूंवर माया जरूर करा. पण ती त्यांना सोसते का, तेवढं आधी हात लावून बघा.