शेवटचा फर्मा

"बघा, काय करून ठेवलंय ते!" लायब्ररीवालीने दोन पुस्तकं माझ्या टेबलावर आपटली. खळीचं भांडं हललं.

"आपटू नका. शिलाई सुटली का?"

"शिलाईला काय चाटायचंय? दुसऱ्या भागातच लग्न लावून मोकळे झालात तुम्ही!"

तिच्यामागे कॉलेजातली एक मुलगी उभी होती. ती पुढे आली. "काका, दुसऱ्या भागाच्या शेवटी तिला तुरुंगात टाकतात. माझ्या मैत्रिणीच्या पुस्तकात तसंच आहे. इथे एकदम राज्याभिषेक. म्हणून मी तिसरा भाग उघडला, तर त्याच्या शेवटी तुरुंग!"

"मग आधी तिसरा वाच, नंतर दुसरा."

मुलगी हसली. लायब्ररीवाली हसली नाही. "तुमच्यावर वाईट वेळ आली म्हणून तीन महिने मी काही बोलले नाही. पण मुलींनी माझं डोकं खाल्लंय. संध्याकाळपर्यंत नीट करून द्या."

"ठेवा आणि जा," मी म्हणालो.

या पुस्तकांचा मला राग आहे. अजून आहे. पाणी संपलेलं राज्य, माणसं तहानेने मरतायत, आणि गोष्ट कसली, तर पळून गेलेल्या राजकन्येच्या जागी एका धोबिणीला नटवून बसवलंय. शेजारचा राजपुत्र तिलाच राजकन्या समजतो. मग झगे, मेजवान्या, नाच, टोमणे. तीन भाग, आणि प्रत्येकाच्या कव्हरवर झग्यातली पाठमोरी मुलगी. आमच्याकडे बांधणीला आली तेव्हा तिन्हींची कव्हरं लोंबत होती, इतकी हाताळलेली.

बायकोला नाद लागला तो माझ्याच टेबलावरून. मोठा कागद छापून घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. फर्मे क्रमाने लावायचं काम सव्वीस वर्षं तिचं, शिवायचं माझं. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक फर्मा इकडचा तिकडे झाला नाही. पण हे राजकन्येचं खूळ आलं आणि ती लावता लावता वाचायला लागली. मी सुई घेऊन ताटकळायचो.

"अगं, दे की. राजपुत्र कुठे पळून जात नाही."

"थांबा हो. तिला कळत नाहीये, हिरवा झगा घालू का निळा."

"जग बुडालंय आणि हिला झग्याची पडलीय."

"म्हणून तर वाचते. बुडालेलं जग मला नवीन नाही. झगा नवीन आहे."

त्यावर मी काही तरी लागट बोललो होतो. काय ते आठवत नाही. तिला आठवत असेल.

मग ती दवाखान्यात गेली. तेव्हा दुसरा आणि तिसरा भाग टेबलावर सुटे पडले होते. तिला तिसरा हवा होता. फर्मे लावणारं माणूस खाटेवर, म्हणून मी एकट्यानेच लावले, शिवले, कापले, दुपारच्या भेटीच्या वेळेला पोचवायचं म्हणून घाईत. दुसरा जाता जाता लायब्ररीत टाकला आणि तिसरा तिच्या हातात दिला. "घे तुझी धोबीण," म्हणालो.

ती रोज थोडं वाचायची. मी शेजारी बसून ओला फडका पिळून तिच्या कपाळावर ठेवायचो. पाणी कानामागून उशीवर उतरायचं.

"पिळायला कधी शिकणार तुम्ही?"

"गप वाच."

एक दिवस तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "मला जरा दुसरा भाग आणून द्याल?"

"तो वाचलायस ना?"

"शेवट परत बघायचा होता."

"वाचलेलंच काय बघायचं? मी काय हमाल आहे तुझ्या राजपुत्राचा? दिला तो परत."

"राहू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, मी विचारलं नसताना, तिने मला तिसऱ्या भागाचा शेवट सांगितला. धोबीण मुकुट नाकारते. राजपुत्राला घेऊन आपल्या घरी येते. विहिरीला पाणी लागलेलं असतं. राजपुत्र चादरी धुवायला बसतो. त्याला पिळता येत नाही, सगळं अंगण ओलं करतो. ती त्याला रोज शिव्या घालते आणि तो रोज पिळतो.

"हा शेवट?" मी म्हणालो. "राजपुत्र चादरी पिळतो? लिहिणाऱ्याला अक्कल आहे का?"

"तसंच लिहिलंय," ती म्हणाली, आणि इतकी हसली की खोकला आला. नर्स मला ओरडली.

पुढच्या आठवड्यात ती गेली. पुस्तक मी न उघडता लायब्ररीत नेऊन दिलं.

लायब्ररीवाली आणि ती मुलगी गेल्यावर मी दोन्ही पुस्तकांची कव्हरं उतरवली, दोरा कापला आणि फर्मे सुटे केले. चूक लगेच दिसली. दोन्ही पुस्तकांना एकोणीस फर्मे, दोन्ही तीनशे चार पानांची. फर्म्याच्या तळाशी आकडा असतो, पुस्तकाचं नाव नसतं. एकोणीस तो एकोणीस. पानांचे आकडेही जुळतात. इकडचा एकोणिसावा तिकडे आणि तिकडचा इकडे शिवलेला. नवशिक्याने असं केलं असतं तर मी त्याला हाकललं असतं.

मग माझा हात थांबला. तिच्या हातात मी दिलेल्या तिसऱ्या भागाला शेवट नव्हताच. मागे तुरुंग होता, तिने आधीच वाचलेला.

सव्वीस वर्षं फर्मे लावणाऱ्या बाईला ते कळलं नसेल? पान उलटताक्षणी कळलं असणार. म्हणून तर दुसरा भाग मागितला होता. खरा शेवट त्याच्या पाठीला होता, लायब्ररीत, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर.

खुर्ची ओढून मी तो शेवट वाचला. सोळाच पानं. राज्याभिषेक, कारंजी, सोन्याचा रथ, सात हात लांब झगा. तो निळा असतो. विहीर नाही, अंगण नाही, चादर तर कुठेच नाही. परत पहिल्यापासून वाचला. कुठेच नाही.

दोन्ही फर्मे आपापल्या जागी लावले. शिवले. गाठी जरा जास्तच आवळल्या. कव्हरं चढवली आणि दाबाखाली ठेवली.

संध्याकाळी ती मुलगी एकटीच आली. खळ अजून ओलसर होती, तरी पुस्तकं दिली.

"उद्यापर्यंत उघडू नकोस."

"काका, तुम्ही वाचता का हो अशी पुस्तकं?"

"मला काही कामधंदा नाही का?"

"काकू वाचायच्या. आमची लायब्ररीत भांडणं व्हायची, आधी कोण नेणार म्हणून. त्या म्हणायच्या, शेवट चांगलाच होणार हे माहीत असतं, म्हणून मधल्या संकटांना हसता येतं." तिने तिसरा भाग उलटून पाहिला. "आता शेवट बरोबर आहे ना?"

"पानं बरोबर आहेत," मी म्हणालो.

ती गेली. मी टेबल पुसलं. खळीचा फडका मोरीत नेऊन धुतला, पिळला आणि दोरीवर टाकला. खाली बराच वेळ पाणी गळत होतं. मी उठलो, काढून परत पिळला.